डँक, डॅम्प आणि सावनेरची खाण

अकरावीच्या इंग्रजीच्या तासाला जुन्या तुरुंगावरचा उतारा होता. त्यात कोठडीला ‘डँक’ हे विशेषण. मुलांनी वहीत ‘दमट’ असा अर्थ लिहून टाकला. दमट म्हटल्यावर नागपूरच्या मुलाला काय आठवणार? एकाने सांगितलंच, “मॅडम, कुलरसमोर बसल्यावर वाटतं तसं!” मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की ओल्या गवताचा कुलर हेच आमचं सुख. ओल नकोशीही असते, हे इथे समजावून द्यावं लागतं.

मी त्यांना जुलैतला कुलर आठवायला सांगितला. हवेतच इतकं बाष्प असतं की गवतावरचं पाणी उडत नाही, अंग चिकचिकतं, गवत कुबट वास मारतं. आता ती ओल ऊन-वारा न शिरणाऱ्या, गार, अंधाऱ्या जागेत न्या. तळघर, गुहा, कोठडी. तिथे डँक शोभतो. घामेजलेला गार हात क्लॅमी, ओलसर भिंत डॅम्प, मुंबईची हवा ह्युमिड, केक मॉइस्ट. मागच्या बाकावरून ‘डँक मीम’ आलंच. ती अलीकडची बोली, तिथे शब्द कौतुकाचा झालाय, एवढं सांगून पुढे गेले.

तेवढ्यात सावनेरहून ये-जा करणारी एक मुलगी उठली. एरवी ती हजेरीपुरतीच बोलते. “मॅडम, मग डॅम्प म्हणजे? बाबांच्या परीक्षेच्या पुस्तकात डॅम्प म्हणजे गॅस आहे.” वडील कोळशाच्या भूमिगत खाणीत मायनिंग सरदार, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणारे. मी खडू तिच्या हातात दिला. तिने न अडखळता लिहिलं: फायरडॅम्प म्हणजे मिथेन, पेट घेणारा. व्हाइटडॅम्प, कार्बन मोनॉक्साइड. ब्लॅकडॅम्प, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन, ज्यात जीव गुदमरतो. स्फोटानंतर उरतो तो आफ्टरडॅम्प.

तिचं पुस्तक बरोबर होतं. डॅम्पचा इंग्रजीतला जुना अर्थ वाफ, विषारी हवा असाच. जर्मनमध्ये ‘डाम्फ’ आजही वाफच. ओलीचा अर्थ मागाहून चिकटला. डँकचं कूळ वेगळं, बहुधा स्कँडिनेव्हियन, आणि ते पहिल्यापासून ओलीचंच. हे दोन शब्द इतक्या नेमक्या ठिकाणी धरून मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मला तिचा फार अभिमान वाटला.

मग वर्ग तिलाच विचारू लागला. तिने सांगितलं, खाणीतल्या बंद पडलेल्या गॅलरीकडे, म्हणजे बोगद्याकडे, जाऊन आले की बाबांच्या कपड्यांना कुजक्या लाकडाचा, ओल्या दगडाचा वास येतो. तिथे वारा पोचत नाही. ब्लॅकडॅम्प हवेपेक्षा जड, म्हणून तो खालच्या अंगाला साचतो. सेफ्टी लॅम्पची ज्योत बारीक झाली की मागे फिरायचं. हा दिवा हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८१५ मध्ये केला, एवढी भर मी घातली. घंटा होईपर्यंत प्रश्न चालू राहिले. उतारा दुसऱ्या दिवशी घेतला.