सुईत दोरा

ओपीडी आटोपत आली होती. गळ्यात टेप तसाच अडकवलेले शिंपीकाका मुलासोबत आत आले. "मॅडम, सकाळपासून सुईत दोरा जाईना." 'दोरा'सुद्धा तोंडातून लडबडतच बाहेर आला. उजवा हात नुसता अडखळत होता, पण उचलला जात होता. त्यामुळे "अंगावरून वारं गेलं" असं घरी कुणाला वाटलंच नाही आणि दुपार झाली. साडेचार तासांच्या आत आले असते तर गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा विचार तरी केला असता. याचा मला दर वेळी राग येतो.

सीटी स्कॅन कोरा. एमआरआयमध्ये मात्र पॉन्समध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, तुरीच्या डाळीएवढा ठिपका दिसला. शिवाय आत खोलवर तीन जुनी भोकं, म्हणजे आधी येऊन गेलेल्या झटक्यांच्या खुणा; त्यांचा काकांना पत्ताच नव्हता. मेंदूचा रक्तपुरवठा अडून येणाऱ्या झटक्यांपैकी साधारण चौथा-पाचवा हिस्सा अशा खोलवरच्या बारीक धमन्या बंद पडल्याने येतो. वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीने त्यांच्या भिंती जाड होत जातात.

मुलगा म्हणाला, "रक्त पातळ करायच्या दोन-दोन गोळ्या कायमच्या द्या ना." अशाच रुग्णांवरच्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल 2012 मध्ये आला. त्यात ॲस्पिरिनला क्लोपिडोग्रेलची कायमची जोड दिल्याने झटके कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला. म्हटलं, बीपीची गोळी चुकवू नका, ते जास्त महत्त्वाचं.

दीड महिन्याने काकांनी माझ्या टेबलावर दोरा ओवून दाखवला, तिसऱ्या प्रयत्नात. मी फाइलवर 'छान सुधारणा' लिहिलं. असे बहुतेक रुग्ण सुरुवातीला बरे होतातच, म्हणून तर सगळे गाफील राहतात. मीसुद्धा.

तीन वर्षांनी परवा पुन्हा आले. मधे नवा झटका म्हणावा असा एकही दिवस घरच्यांना आठवत नव्हता. बरं वाटतंय म्हणून गोळ्या कधीच्या बंद. बीपी 170/100. पावलं जमिनीला चिकटल्यासारखी, इंच-इंच. लघवीला घाई. काकू म्हणाल्या, "अहो, माप नीट घेतात, वहीत लिहितात, आणि कापायला बसले की दुसऱ्याचंच माप धरतात. दोन गिऱ्हाइकांची कापडं भरून दिली."

हात तपासायला सिस्टरकडची सुई पुढे केली. पहिल्याच खेपेस दोरा गेला. मग सुई बोटांत धरून काकांनी मुलाकडे पाहिलं.

"काय शिवायचं होतं रे?"