व्हॅक्यूम क्लीनरचं सक्शन गेलं? मोटारीला हात लावू नका

क्लीनर धूळ ओढेनासा झाला की पहिला संशय मोटारीवर जातो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. आधी कान द्या. आवाज नेहमीपेक्षा बारीक आणि चढा येत असेल तर मोटार ठणठणीत आहे, हवेची वाट बंद झाली आहे. हवा सरकत नसली की पंख्यावरचा भार कमी होतो आणि मोटार जास्त वेगाने फिरते. आवाज जड येत असेल, सोबत जळका वास असेल, तरच मोटारीकडे वळा.

आता पाईप काढून यंत्र चालू करा आणि यंत्राच्या तोंडाशी तळहात धरा. जोर लागला तर अडथळा पाईपात, नळीत किंवा ब्रशमध्ये. नाही लागला तर पिशवी भरलीय किंवा फिल्टर कोंदलाय.

नागपुरात पाईप तुंबायचा मोसम म्हणजे मार्च. कूलर बाहेर निघतो, जुनं गवत बदलतात आणि खाली सांडलेला चुरा क्लीनरने ओढतात. काड्या वाकणात आडव्या बसतात, त्यांवर केस आणि धूळ साचून घट्ट बोळा होतो. पाईप सुटा करून वरून एक रुपयाचं नाणं सोडा. खालून पडलं नाही तर बोळा आहेच. तो झाडूच्या बोथट दांडीने ढकला. तार खुपसली की पाईपला भोक पडतं आणि तिथून हवा शिरत राहते.

फोमचा फिल्टर साध्या पाण्याने धुवा. हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर) मात्र धुण्याजोगा असं लिहिलं असेल तरच. कागदी फिल्टर नुसता बदला. धुतलेला फिल्टर वाळवायचा सावलीत, किमान 24 तास, आणि पावसाळ्यात दोन दिवस. ओल राहिली तर धुळीचा चिखल होतो. पुट्टी किंवा सिमेंटची भुकटी साध्या क्लीनरने ओढू नका, फिल्टर मिनिटांत बुजतो.

चालता चालता बंद पडला तर थर्मल कटआउट (मोटार तापली की वीज तोडणारा भाग) उडालं असेल. प्लग काढा, पाऊण तास थांबा, तोवर फिल्टर झटका. मोटार ज्या हवेने थंड होते तीच मे महिन्यात चाळीस अंशांची असते, म्हणून तेव्हा सफाईची कामं सकाळी उरका.

मोटार उघडायची वेळ आलीच तर प्लग काढून कार्बन ब्रश बघा. स्प्रिंगने दाबलेली ही काळी कांडी झिजून 6–7 मिलिमीटरवर आली की दोन्ही बाजूंच्या बदला, एकच कधीही नाही. जुनी कांडी सोबत नेऊन सीताबर्डीच्या दुकानात जाडी-रुंदी जुळवून घ्या. कांडी जिथे घासते ती तांब्याची कडी नीट पाहा. चॉकलेटी तकाकी चांगली. काळे जळके पट्टे आणि बोटाला लागणाऱ्या खाचा असतील तर नवी कांडीही लवकर झिजेल, कडी लेथवर घासून घ्यावी लागते. नवी कांडी बसवल्यावर मोटार दहा मिनिटं मोकळी चालवा. सुरुवातीच्या बारीक ठिणग्या हळूहळू कमी होतात. कडीभोवती आगीचं कडं दिसलं तर लगेच बंद करा, आर्मेचर (मोटारीचा फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) गेलेलं असू शकतं.

कर्कश किंचाळी येत असेल तर बेअरिंग. हाताने पंखा फिरवून खरखर जाणवते. बऱ्याच मोटारींत 608 क्रमांकाचं असतं: भोक 8, बाहेरचा व्यास 22, जाडी 7 मिलिमीटर.

यंत्र अजिबातच सुरू होत नसेल तर वायर प्लगजवळ तुटली आहे का ते मल्टीमीटरने तपासा. वायर ओढताना पिवळी खूण दिसली की थांबायचं; लाल खुणेपुढे ओढली तर आतला जोड उखडतो.