शेकलेला डफ आणि हिशेबाचा फळा

२४ सप्टेंबरच्या जवळचा रविवार आला की गंज पेठेतून नाना पेठेकडे जाणाऱ्या गल्ल्यांत आमच्या मंडळाची माणसं दिसू लागतात. १८७३ साली याच तारखेला जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, त्यामुळे वार्षिक मेळाव्यासाठी वेगळा दिवस शोधायची वेळ मंडळावर कधी आली नाही. सकाळी समता भूमीवर, म्हणजे फुलेवाड्यात अभिवादन, मग शाळेच्या सभागृहात संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन, स्वागत, अहवाल, अध्यक्षांचं मनोगत. हे दरवर्षी होतं आणि व्हायलाच हवं. पण हडपसरहून दोन बस बदलून माणसं येतात ती डफासाठी आणि फळ्यासाठी.

आधी डफाचं. सप्टेंबरात हवेत ओल असते. कातडं ती ओल धरतं, सैल पडतं आणि आवाज बसतो. याला डफ उतरला म्हणतात. म्हणून कार्यक्रमाआधी अर्धा तास शाळेच्या मागच्या अंगणात रद्दी पेटवून डफ शेकतात. जाळापासून वीतभर वर धरायचा आणि सतत फिरवत राहायचा. एका जागी थांबला तर कातडं करपतं आणि पुढच्या थापेला कडेशी फाटतं. मधूनमधून बोटाने टिचकी मारून बघायचं, आवाज खणखणीत आला की थांबायचं. पंख्याखाली तो पुन्हा उतरतो, म्हणून शाहीर दोन डफ ठेवतात. एक वाजत असतो, दुसरा शेकत असतो. तुणतुण्याची तार शाहिराच्या गळ्याला जुळवून घ्यायची असते, आणि डफ माइकच्या तोंडावर कधीच धरायचा नाही. धरला की शब्द बुडतात. पोवाड्यात शब्दच ऐकू आले नाहीत तर राहिलं काय?

महाडचा पोवाडा सगळ्यांच्या तोंडपाठ आहे. २० मार्च १९२७, चवदार तळं, ओंजळभर पाणी. मागे साथ धरणाऱ्या झीलकऱ्यांनी 'जी जी रं जी' उचललं की मागच्या रांगेतली म्हातारी माणसंसुद्धा ताठ बसतात. तरी डोळ्यांत पाणी आणतो तो मुळशीचा पोवाडा. १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने टाटांच्या धरणाविरुद्ध मावळातले शेतकरी उभे राहिले. ते बांधकामावर जाऊन बसले, तुरुंगात गेले, आणि धरण झालंच. गावं आणि भातखाचरं पाण्याखाली गेली. ते पाणी आजही सह्याद्रीखाली भिऱ्याला वीज करायला उतरतं. पोवाडा हे सगळं सांगतो आणि हार लपवत नाही. पोवाड्याच्या शेवटच्या चौकात, म्हणजे शेवटच्या भागात, शाहीर डफ थांबवतात आणि नुसत्या तुणतुण्यावर बुडालेल्या गावांची नावं घेतात. पौड-मुळशीकडून आलेली माणसं आपल्या गावाचं नाव आलं की उभी राहतात. असं करायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मग येतो फळा. त्यावर पाच रकाने असतात: तारीख, मागणी, माणसं, मिळालं, उरलं. वर्षभरात ज्यांनी काही लढवलं त्यांनी फळ्यापाशी यायचं, बारा मिनिटांत हिशेब सांगायचा आणि रकाने स्वतःच्या हाताने भरायचे. पहिली ओळ दरवर्षी जुन्या लढ्याची असते. पर्वती मंदिर सत्याग्रह, १९२९. मागणी, अस्पृश्यांना प्रवेश. मिळालं, तेव्हा नाही. त्याखाली पंढरपूर, १ मे १९४७, साने गुरुजींचं उपोषण. दहाव्या दिवशी दार उघडण्याचं मान्य झालं. या दोन ओळींखाली आपली ओळ लिहायची म्हटलं की फुगवून लिहायला हात धजावत नाही.

ही भाषणं भाषणांसारखी नसतात, म्हणूनच ती ऐकावीत. वस्तीतल्या सार्वजनिक नळाचा किंवा संडासाचा हिशेब सांगायला एखादी ताई उभी राहते आणि सुरुवात पोचेपासून करते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दोन प्रतींत न्यायचा, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पोच नसेल तर महिन्याने तो अर्ज कधी आलाच नव्हता असं ऐकावं लागतं. त्यानंतर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ. उत्तरासाठी ३० दिवस. उत्तर नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यावरही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत दुसरं. सगळ्यात जास्त अर्ज फसतात ते 'काम का झालं नाही?' या प्रश्नाने. कायद्याने मिळते ती कागदावर असलेली माहिती. म्हणून कामाच्या आदेशाची प्रत, झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या मोजमाप पुस्तकाची पानं, ठेकेदाराला दिलेल्या बिलांच्या नकला मागायच्या. कामाची लांबी जागेवर स्वतः टेपने मोजायची आणि पुस्तकातल्या आकड्याशेजारी मांडायची. तो फरक हातात असला की धरण्याला वजन येतं.

मोर्चाची बाजू बहुधा हमाल बांधव सांगतात, आणि हमालांना संरक्षण देणाऱ्या १९६९ च्या माथाडी कायद्यामागे संघटनेची ताकद होती हे त्यांच्या बोलण्यातून जाणवतं. पोलीस ठाण्यात आधी पत्र द्यायचं. त्यात तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, जबाबदार व्यक्तीचं नाव हवं. स्पीकरची परवानगी वेगळी मागायची. जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते विचारून घ्यायचं. कापडी फलक मोठा असेल तर त्याला अर्धचंद्राकृती चिरा द्यायच्या, नाहीतर पुलावर वारा भरतो आणि काठीवाल्यांचे हात गळून जातात. दर पंचवीस माणसांमागे एक स्वयंसेवक. सगळ्यात हळू चालणारी माणसं पुढे ठेवायची. मागे ठेवली की मोर्चा तुटतो. लांब मोर्चात पुढची घोषणा मागे पोचेपर्यंत उशीर होतो आणि दोन घोषणा एकमेकींवर आदळतात, म्हणून प्रत्येक टप्प्यात वेगळा घोषणा देणारा. घरकामगार बायकांचा मोर्चा असेल तर वेळ दुपारची, सकाळची कामं उरकल्यावरची. अकराची वेळ ठेवून 'बायका येत नाहीत' म्हणणाऱ्यांना या फळ्यापुढे दरवर्षी उत्तर मिळतं. आत शिष्टमंडळ पाच जणांचं, त्यातल्या एकाने फक्त लिहून घ्यायचं. आश्वासन लेखी, तारखेसह. तोंडी आश्वासनावर उठलेल्या धरण्यांची नोंद 'उरलं' या रकान्यातच सापडते.

या फळ्याला माणसं कमी पडतात, याचं मंडळाला मनापासून वाईट वाटतं. पोवाड्याला सभागृह भरतं, हिशेबाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात. महाविद्यालयातली मुलं गाणी मोबाइलवर घेतात आणि निघतात. ज्यांच्या गल्लीतला नळ या मार्गाने आला, त्या गल्लीतलंही गेली दोन वर्षं कुणी आलेलं नाही. मोर्चात चालणारी माणसं हिशेबाला नसतील तर पुढचा मोर्चा पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागतो. पावसाचं कारण आम्ही मानत नाही. मुळशीची माणसं भर पावसात एसटीने येतात.

येणाऱ्यांची आणि राबणाऱ्यांची आठवण मात्र पुरी व्हायला हवी. शाळेचे शिपाईकाका रविवारची सुट्टी सोडून कुलूप काढतात आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत थांबतात. स्पीकरवाले गणपतीच्या दहा रात्री जागूनही आमच्याकडे आनंदाने येतात आणि भाडं निम्मं घेतात. सतरंज्या तालमीतून येतात, त्या उचलणारी पोरंही तिथलीच. भाकऱ्या तीन गल्ल्यांतल्या मावशा आदल्या रात्रीपासून थापतात. पिठलं मागच्या बोळातल्या आजींचं, आणि ठेचा यंदाही त्यांच्या सुनेने केला. अर्जांचे मसुदे तपासून देणारे निवृत्त कारकून, अपिलाच्या तारखांची वही ठेवणाऱ्या वकीलताई, क्षारसंजीवनीची पाकिटं देणारे डॉक्टर, पाण्याचे जार जिन्यावरून चढवणारे दोघे भाऊ, निमंत्रणपत्रिका उधारीवर छापणारे छापखानेवाले, फळ्यावर रकाने आखणारी आठवीतली मुलगी, चपला सांभाळणारी तिची धाकटी भावंडं. गेल्या वर्षी आभारात रद्दीवाल्या मावशी राहून गेल्या. डफ शेकायला लागणारा कागद इतकी वर्षं त्याच आणून देतात, पैसे न घेता, कोरडा राहावा म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून. आणि खुर्च्या मोजून परत नेणारे टेम्पोवाले दादा. त्यांच्या १२० खुर्च्या होत्या, १२० गेल्या. एकीचा पाय निखळला होता, तो त्यांनी तिथेच बसवून घेतला.