चांदी कसली, हवाच ती

निफाडचे मामा आमच्याकडे आले की आधी झाडं बघतात, मग माणसं. द्राक्षबागायतदाराची नजर ती, थेट पानावरच जाते. या वेळी दिवाणखान्यातल्या सिंडॅप्ससच्या वेलीपाशी थबकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अगं, भुरी पडलीय की याच्यावर! गंधक मार."

भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी, नव्हेच ती. सिंडॅप्सस पिक्टसच्या मखमली पानांवर मुळातच चंदेरी शिंतोडे असतात, मिठाईवरचा वर्ख चुरून भुरभुरावा तसे. मामांना पान उलटून दाखवलं, तर मागून साधं फिकट हिरवं. ही चांदी म्हणजे रंगही नव्हे. पानाच्या वरच्या पातळ पापुद्र्याखाली जागोजागी हवेचे बारीक कप्पे असतात. उजेड त्यांच्यावरून परावर्तित होतो आणि आपल्याला चकाकी दिसते. खालचं हरितद्रव्य जागच्या जागी असतं. मनी प्लांटच्या पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांत नेमकं तेच कमी असतं, म्हणून ते पट्टे जरा ऐतखाऊच.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं, पण पटलं ते गजपिंपळीचं नाव काढल्यावर. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी ती गजपिंपळी याच सिंडॅप्सस कुळीतली. म्हणजे झाड घरचंच निघालं! हा चंदेरी भाऊ मात्र बांगलादेशापासून इंडोनेशिया-फिलिपिन्सपर्यंतच्या दमट जंगलांतला. मोठ्या झाडांच्या सावलीत, खोडाला बिलगून वर जाणारा.

आणि आपण त्याला टांगतो! मॅक्रमेच्या शिंक्यातून लोंबणारी वेल फोटोत छान दिसते, नाही असं नाही. पण अशी सोडलेली वेल लांबत जाते, पानं बारीक राहतात आणि वरून कुंडी टकली होते. आधार दिला की पेरापेरातून मुळं फुटून तो धरतात आणि पुढची पानं मोठी येऊ लागतात. काथ्या गुंडाळलेली काठी चालते, फक्त ती ओलसर ठेवायची. मला जास्त आवडते ती खडबडीत लाकडी फळी. कोवळी पानं तिच्यावर सपाट पडून एकावर एक कौलं रचल्यासारखी चढतात. मागची भिंत पांढरी असेल तर सगळी चांदी फुकट. गडद निळी किंवा विटकरी हवी. कुंडी साधी मातीची. चकचकीत कुंडी घेतली तर तिचं आणि पानांचं भांडण लागतं.

ऊन थेट नको, पानं करपतात. खिडकीपाशी पडद्याआडचा उजेड पुरे. पाणी वेळापत्रकाने घालू नये. तहान लागली की पानं आतल्या बाजूला वळतात, तेवढी खूण बास. माती सतत ओली राहिली तर मुळं कुजतात, म्हणून मातीत पर्लाइटचे हलके, पांढरे खडे सढळ हाताने घालावेत. पावसाळ्यात ही स्वारी खूश असते, एसीच्या झोतात कोमेजते. घरात मांजर असेल तर उंचावर ठेवा, पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांनी तोंडाची आग होते.

वेल टकली झालीच असेल तर सरळ कात्री लावावी. प्रत्येक तुकड्याला निदान एक पेर हवं. पाण्यात मुळं फुटली की तुकडे त्याच कुंडीत रोवायचे, म्हणजे ती भरते. उरलेल्या तुकड्यांची काळजी नको, शेजारच्या काकू विचारतातच.