आमची वाटचाल : एका बास गिटारचे दोन अहवाल

लॅमिंग्टन रोडलगतच्या एका गाळ्यात ॲम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्त करणे हा आमचा मूळ धंदा. ऑर्केस्ट्रातील वादक ॲम्प्लिफायर दाखवायला येत तेव्हा सोबत वाद्यही आणत, कारण घरघर नेमकी कोणाची आहे याचा उलगडा त्यांना होत नसे. आणि पुष्कळदा दोष वाद्यातच निघे. झिजलेला पॉट (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालचा भाग), सुटलेले सोल्डरिंग, गंजलेला जॅक अशी ती किरकोळ कामे असत. ती करता करता बास गिटारच्या पोटात काय असते ते कळत गेले, मग नेक म्हणजे गिटारची मान सरळ करणे, तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट बसवणे, मानेच्या वरच्या टोकाला तारांना आधार देणारी खाचांची पट्टी म्हणजे नट कापणे ही कामेही आम्ही अंगावर घेतली, आणि आज ॲम्प्लिफायरचे काम गाळ्याच्या एका कोपऱ्यापुरते उरले आहे.

जुन्या परदेशी बास गिटारी मुंबईत इतक्या कशा, असे नवे ग्राहक विचारतात. हिंदी चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणात इलेक्ट्रिक बासने साठ-सत्तरच्या दशकांत कायमची जागा मिळवली. राहुल देव बर्मन यांच्याकडे बास वाजवणारे टोनी वाझ यांचे नाव जुन्या जाणकारांच्या तोंडी आजही असते. आयातीवरील निर्बंध आणि जबर जकात यांमुळे फेंडर किंवा गिब्सन या अमेरिकी कंपन्यांची गिटार दुकानातून सहज मिळत नसे. बोटीवर नोकरीला असलेला मेहुणा, आखातातला भाऊ, दौऱ्यावर आलेला परदेशी वादक, अशा वाटांनी ती येई. पुढे बासचे काम कीबोर्डवर आणि मग संगणकावर होऊ लागले, तेव्हा या गिटारी पेटीसकट माळ्यावर गेल्या. आता इमारत पुनर्विकासाला निघाली की माळा रिकामा करावा लागतो आणि नातू ती पेटी आमच्या टेबलावर ठेवून विचारतो, "काका, आजोबांची आहे, वर फेंडर लिहिलंय. किती येतील?"

या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणे आम्ही फार पूर्वीच सोडले. बाजारात किंमत ठरते ती वाद्य मूळ स्वरूपात किती शिल्लक आहे यावर. ते वाजते किती चांगले, हा निराळा हिशेब आहे आणि पुष्कळदा तो पहिल्याच्या उलट जातो. म्हणून आम्ही प्रत्येक वाद्याचे दोन स्वतंत्र अहवाल देतो, एक मूळपणाचा आणि एक वाजवण्याजोगेपणाचा. आमच्या व्यवसायाला वळण लागले ते या पद्धतीमुळे, असे मला वाटते.

पहिल्या अहवालासाठी वाद्य उघडावेच लागते. नुकत्याच आलेल्या एका जॅझ बासचे, म्हणजे फेंडरच्या एका प्रसिद्ध मॉडेलचे, उदाहरण देतो. तारा सैल करून, नेक बॉडीला धरून ठेवणाऱ्या मागच्या धातूच्या पट्टीचे चार स्क्रू हाताने, सावकाश काढले. पट्टीवरचा क्रमांक टिपून घेतला खरा, पण त्यावर फार विसंबलो नाही, कारण फेंडरच्या कॅलिफोर्नियातील फुलर्टनच्या कारखान्यात या पट्ट्या हाताला येतील तशा लावल्या जात आणि क्रमांकांचा क्रम वर्षांशी काटेकोर जुळत नाही. नेक वेगळी झाल्यावर तिच्या टाचेवरचा, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावरचा, महिना-वर्षाचा शिक्का दिसला. बॉडीच्या खाचेत रंग न लागलेला एक पट्टा होता. रंग देताना बॉडी धरण्यासाठी तिथे काठी ठोकलेली असे, त्याची ती खूण. मग कंट्रोल प्लेट उचलून पॉटच्या पाठीवरचा आकडा वाचला : ३०४६६१४. त्यातील ३०४ म्हणजे स्टॅकपोल ही पॉट बनवणारी कंपनी, ६६ म्हणजे १९६६ साल आणि १४ म्हणजे त्या वर्षाचा चौदावा आठवडा. यावरून वाद्य १९६६ चे ठरत नाही. त्यापूर्वीचे नाही, एवढेच ठरते. फेंडरने त्या वर्षी पॉटचा मोठा साठा घेतला होता आणि तो पुढची काही वर्षे वापरात राहिला, त्यामुळे ६६ चे पॉट असलेली १९६८ ची वाद्येही भेटतात. शिक्का, पॉट, पिकअप (तारांची कंपने टिपणारे चुंबक आणि वेटोळे), सोल्डरिंगचा रंग आणि पोत, स्क्रूची डोकी या सगळ्यांची साक्ष एकमेकींशी जुळली तरच आम्ही 'मूळ' हा शब्द लिहितो.

सर्वांत मोठा फरक पडतो तो रंगाने. अतिनील दिव्याखाली जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर पिवळसर-हिरवट झाक दाखवते आणि नंतर मारलेला रंग लगेच वेगळा ओळखू येतो. गिटार जुनाट दिसते म्हणून कोणीतरी हौसेने तिला गाडीच्या गॅरेजमधून चकचकीत रंग मारून आणलेला असतो, आणि त्या एका कामाने तिची किंमत साधारण निम्म्यावर येते. घरच्यांना हे सांगणे जड जाते, कारण त्यांच्या आठवणीतली गिटार त्याच रंगाची असते.

किमतीची दुसरी सीमारेषा जानेवारी १९६५ ची. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणि १९६० मध्ये जॅझ बास बाजारात आणला. १९६५ च्या आरंभी त्यांची कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. त्याआधीच्या वाद्यांना संग्राहक कितीतरी अधिक पैसे मोजतात. माझे मत विचाराल तर १९६६ चा चांगला बास १९६४ च्या मध्यम बासपेक्षा हाताला उजवा असतो, आणि किमतीतला बराचसा फरक हा तारखेचा भाव आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरच्या जड बॉडीच्या, तीन स्क्रूंवर नेक असलेल्या जॅझ बासबद्दल मात्र जपून बोलावे लागते. काही उत्तम निघतात, काहींची नेक खाचेत हलते.

आता दुसरा अहवाल. बासच्या चार तारा मिळून नेकवर सुमारे ८० किलोचा ताण धरतात आणि तारेची वाजणारी लांबी ३४ इंच असते, तेव्हा सगळा कस लागतो तो नेकचा. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट पाहावी. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर असली की समाधान मानावे. फट जास्त असल्यास ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली लोखंडी सळई, आवळायचा, पण जुन्या फेंडरमध्ये तो फिरवायचा नट टाचेच्या टोकाला असल्याने त्यासाठी नेक उतरवावी लागते. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत हा नट गंजून बसलेला असतो. तिथे जोर केला तर रॉड तुटतो आणि वाद्य कायमचे पंगू होते. आम्ही आधी गंज सोडवणारे तेल सोडून दोन दिवस थांबतो, मग नेकला शिकंजाने योग्य बाक देऊन नटवरचा भार काढतो आणि तो अगदी थोडा फिरवतो. पावसाळ्यात केलेले सेटिंग थंडीत पुन्हा तपासावे लागते, हे ग्राहकाला आधीच सांगतो. नेकला पीळ पडला असेल तर वाद्य कितीही मूळ असो, दुसऱ्या अहवालात ते नापास.

सर्वांत बारीक अशा 'जी' (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो, ही तक्रार मात्र आम्ही दोषात धरत नाही. फेंडरच्या लांब नेकचा तो स्वभाव आहे आणि महागड्या वाद्यांतही तो आढळतो. पिकअपचे मल्टिमीटरने माप घेतो. जॅझ बासचा पिकअप साधारण ७ ते ८ किलोओहम दाखवतो, आकडाच आला नाही तर वेटोळे तुटलेले.

दोन अहवाल एकमेकांशी भांडतात ते फ्रेटच्या बाबतीत. मूळ फ्रेट झिजून सपाट झालेल्या असतात. संग्राहकाला त्या तशाच हव्या असतात आणि वादकाला तारेची घरघर नको असते. प्रसिद्ध अमेरिकी बासवादक जॅको पास्टोरियस यांच्या १९६२ च्या जॅझ बासच्या फ्रेटच काढून टाकलेल्या होत्या आणि फिंगरबोर्डवर, म्हणजे नेकच्या दर्शनी लाकडी पट्टीवर, इपॉक्सीचा थर दिलेला होता. संग्राहकांच्या नियमाने ते वाद्य बिघडलेलेच, पण हात जॅकोचा होता म्हणून आज ते अमूल्य आहे. हे उदाहरण पुढे करून फ्रेट काढायला सांगणारी मुले येतात, तेव्हा आम्ही त्यांना अडवतो. वाद्य वाजवायचेच असेल तर फ्रेट बदलाव्यात, किमतीत थोडी घट सोसावी, असा आमचा कल असतो.

ज्यांना फक्त वाजवायचे आहे, त्यांना आम्ही १९८२ पासूनचे जपानी बनावटीचे फेंडर किंवा जुने यामाहा सुचवतो. घडण नेटकी आणि पैसा बेताचा. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांचा १९७२ मध्ये चोरीला गेलेला, व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बास परत मिळाल्याची बातमी २०२४ मध्ये आली, तेव्हापासून तशा आकाराचे बास घेऊन येणारे वाढले आहेत. त्यांतले बहुतेक नंतरच्या नकला असतात, हे आम्ही मल्टिमीटर हातात घेण्यापूर्वीच सांगून टाकतो.

परदेशी विकू पाहणाऱ्यांसाठी आणखी एक तपासणी आहे. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या फेंडरच्या फिंगरबोर्डला ब्राझिलियन रोझवूड असे. त्या लाकडावर १९९२ पासून साइट्स या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराचे सर्वांत कडक निर्बंध आहेत आणि परवान्याशिवाय वाद्य देशाबाहेर नेता येत नाही. नंतरच्या वाद्यांवर आपले शिसवी लाकूड आले. त्याच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये या करारातून सूट मिळाली आहे. काळ्या-तपकिरी रेषांवरून नुसत्या डोळ्यांनी दोन्ही ओळखण्याचा दावा आम्ही करत नाही. शंका असली की परवाना गृहीत धरूनच सल्ला देतो.

मूल्यांकनाचे शुल्क आम्ही ठरावीक घेतो, किमतीच्या टक्क्यांत घेत नाही, आणि ज्या वाद्याचा अहवाल दिला ते स्वतः विकत घेत नाही. यामुळे काही चांगले सौदे हातचे गेले. पण पुण्याहून आणि पणजीहून लोक वाद्य घेऊन येतात ते याच कारणाने. दुरुस्तीत काढलेला प्रत्येक मूळ भाग, मग तो बंद पडलेला पॉट असो की गंजका स्क्रू, चिठ्ठी लावलेल्या पाकिटात घालून गिटारच्या पेटीत परत ठेवला जातो. येणाऱ्यांना आमची एकच विनंती असते : वाद्य आणण्यापूर्वी ते पुसू नये, तारा बदलू नयेत, आणि पेटीतले जुने बिल, पट्टा, ॲशट्रेसारखे दिसणारे क्रोमचे झाकण यांतले काहीही भंगारात टाकू नये.