नर मिळेना

तुरीवरची पानं गुंडाळणारी अळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, शेंड्याची कोवळी पानं धाग्यांनी एकमेकांना चिकटवून ती आत बसून खाते. गुंडाळी उलगडली की कधी अळी सापडते, कधी नुसती विष्ठा, आणि कधी अळीच्या जागी तांदळाच्या कणीएवढा पांढरा कोष. हा कोष पतंगाचा नसतो. अळीच्या पोटात वाढून तिला पोखरत बाहेर पडलेल्या एका चिमुकल्या गांधीलमाशीचा असतो.

पोळा झाल्यावर मानवतकडच्या एका शेतातून आम्ही असे कोष गोळा केले. शेत माझ्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याच्या काकांचं. प्रत्येक कोष वेगळ्या काचनळीत, तोंडाला कापसाचा बोळा. एका बाटलीत सगळे कोंबले तर काम सोपं होतं, पण मग कुठल्या कोषातून कोण निघालं ते कळत नाही. गांधीलमाशीवर जगणाऱ्याही गांधीलमाश्या असतात, त्या नेमक्या अशाच कोषांत अंडी घालतात. त्यामुळे ‘अमक्या अळीवर तमकी माशी’ अशा जुन्या नोंदींवर मी सहसा डोळे झाकून विश्वास ठेवत नाही.

नळ्यांतून ज्या निघाल्या त्या जेमतेम तीन मिलिमीटरच्या, काळ्याभोर, मागच्या मांड्या पिवळसर. उपकुळ मायक्रोगॅस्ट्रिनी, एवढं लगेच कळलं. यातल्या सुमारे ३,००० जातींना आजवर नावं मिळाली आहेत आणि बिननावाच्या त्याहून कितीतरी जास्त आहेत. शृंगिकेचे, म्हणजे डोक्यावरच्या मिशीचे, खंड मोजून काही हाती लागत नाही, कारण या उपकुळात ते सगळ्यांचे १८च. बघायचं ते पोटाच्या पहिल्या पट्ट्याचा आकार, त्यावरचे खळगे, पंखातल्या शिरा, अंडनलिकेची लांबी. दिवसभर भिंगात डोळा घालून मान आखडते आणि संध्याकाळी हाती येतं ते ‘पट्टा मागे किंचित निमुळता’ असं एक वाक्य.

आमची माशी कुठल्याच ज्ञात जातीशी जुळेना. शंका एकाच ठिकाणी अडकली. एका जुन्या जातीचं वर्णन फक्त नरावरून झालेलं होतं, मादी कुणी पाहिलेलीच नव्हती. आणि आमच्याकडे झाडून सगळ्या माद्या.

नियमाप्रमाणे एकाच लिंगावरूनही नवी जात जाहीर करता येते. विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, देऊन टाकू की पेपर.” मी त्याला पिठ्या ढेकणाची आठवण करून दिली. कपाशीवर पिठ्यानं धुमाकूळ घातला होता तेव्हा त्याला आवरणारी एक माशी आपल्याकडे सापडली. २००९ साली एनासियस बांबावालेई या नावानं नवी जात म्हणून तिचं वर्णन झालं. पुढं काही वर्षांत लक्षात आलं की अमेरिकेतून आधीच नोंदलेली एनासियस ॲरिझोनेन्सिस ती हीच. माशीचं काम काही थांबलं नाही, पण नाव गेलं. असं होऊ शकतं, मातब्बरांच्या बाबतीतही होतं. म्हणूनच नर हवा होता.

पुन्हा शेतात गेलो तर काका बांधावरच भेटले. “आवो मॅडम, परवाच फवारा मारला की. शेंडे समदे गुंडाळले होते, बघत बसावं का?” त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? तूर त्यांची, कर्ज त्यांचं.

मग उरला तो आडवळणाचा उपाय. मधमाश्यांप्रमाणेच गांधीलमाशीतही साधारणपणे फलन झालेल्या अंड्यातून मादी होते आणि न झालेल्यातून नर. आमच्या माद्या एकेकट्या नळीत जन्मलेल्या, त्यांनी नराचं तोंड पाहिलेलं नाही. त्यांनी अंडं घातलंच तर मुलगाच होणार. फक्त अळी कोरी हवी, शेतातली नको, कारण ती आधीच डंख खाऊन आलेली असू शकते. सुदैवानं प्रयोगशाळेत पतंगांनी घातलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या होत्या.

त्या दिवशी सकाळी काचेच्या बशीत तुरीचा शेंडा, त्यात अळी, आणि कापसाला मध लावून तरतरीत केलेली एक मादी सोडली. तिनं ढुंकून पाहिलं नाही. बशीच्या झाकणावर फिरली, पंख पुसत बसली. दुसरीचंही तेच. वीज गेली. मोबाइलची बॅटरी धरून तिसरी सोडली आणि ही थेट गुंडाळीवर उतरली. शृंगिकांची टोकं वाकवून ती पान ठोकत निघाली, ठोकता ठोकता विष्ठेच्या कणांपाशी थबकली. पोट पायांखालून पुढं घेतलं आणि दोन पानांच्या फटीतून अंडनलिका आत. क्षणभर काम. आत अळीनं जोरात अंग झटकलं, तोंडातून हिरवा थेंब टाकला, आणि मादी तोवर पानाच्या दुसऱ्या कडेला. विद्यार्थी ओरडला, “टोचलं, टोचलं!” बाजूच्या वर्गातून शिपाईमामा बघायला आले, त्यांना वाटलं त्यालाच काहीतरी चावलं.

अंडं एकटं जात नाही. अळीच्या रक्तातल्या पेशी परक्या अंड्याला वेढून गुदमरवतात. त्यावर तोड म्हणून माशी अंड्याबरोबर ब्रॅकोव्हायरसचे कण सोडते. ते तिच्याच अंडाशयात तयार होतात, त्यांची जनुकं तिच्याच गुणसूत्रांत बसलेली असतात, आणि ते अळीची प्रतिकारशक्ती लुळी पाडतात. अळी मात्र खात राहते. आमची अळीही खात राहिली. पंधरवड्याच्या आत तिच्या कुशीतून परजीवीची अळी बाहेर आली, तिनं पांढरा कोष विणला, आणि त्यातून नर निघाला. शृंगिका मादीपेक्षा चांगल्या लांब.

परदेशी संग्रहालयानं पाठवलेले त्या जुन्या नराचे फोटो शेजारी लावले. त्याचा पहिला पट्टा मागे निमुळता, आमच्याचा कडेनं सरळ. त्याच्यावर खळगे जवळपास नाहीत, आमच्यावर गच्च. वेगळी जात.

नाव छापून येईपर्यंत सांगणार नाही, तो या धंद्यातला रिवाज आहे. होलोटाइप म्हणून, म्हणजे जातीचं नाव ज्या एका नमुन्याशी बांधलं जातं तो म्हणून, आम्ही त्या टोचणाऱ्या मादीलाच निवडलं. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीचा नमुना ठरलेल्या भांडारात जमा करावा लागतो, म्हणून ती कोलकात्याला भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे जाणार. तिच्या लेबलवर मानवत, अक्षांश-रेखांश, तूर, तारीख असं सगळं सरळ बसलं. वाद झाला तो नराच्या लेबलवरून. विद्यार्थ्याला त्याच्यावरही काकांच्या गावाचं नाव हवं होतं. मी ‘प्रयोगशाळेत वाढवलेला, माता होलोटाइप’ असंच लिहायला लावलं. त्यानं लिहिलं, पण काकांचं गाव आभाराच्या परिच्छेदात घालून घेतलंच.