शिकागोचा डीप-डिश पिझ्झा घरच्या ओव्हनमध्ये

डीप-डिश पिझ्झा, म्हणजे खोल डब्यात भाजलेला जाड पिझ्झा, करायचा म्हटलं की सगळे आधी पिठाची काळजी करतात. मला पीठ सोपं गेलं. झटापट झाली ती पाण्याशी. टोमॅटोचं पाणी, चीजचं पाणी, मशरूमचं पाणी. हे सगळं दोन इंच खोल डब्यात कोंडलं की तळ भिजणारच. त्यामुळे निम्मा वेळ मी पाणी घालवण्यातच होते.

नऊ इंची केकच्या डब्यासाठी २२० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम मक्याचं रवाळ पीठ, चमचाभर कोरडं यीस्ट, मीठ, चिमूटभर साखर, १४० मिली कोमट पाणी, ३० ग्रॅम वितळवलेलं बटर आणि मोठा चमचाभर तेल घेतलं. हे पीठ फार मळायचं नाही. पातळ पिझ्झ्याला चिवटपणा लागतो, इथे कड खुसखुशीत तुटायला हवी. दीड-दोन तासांत पीठ दुप्पट झालं. डब्याला आतून सढळ हाताने बटर लावलं (इथे हात आखडू नये, तळ त्या बटरमध्येच तळून निघतो) आणि पीठ बोटांनी दाबत कडेने दीड इंच वर चढवलं. ते सारखं खाली घसरतं. अशा वेळी दामटत बसण्यापेक्षा दहा मिनिटं झाकून ठेवावं, मग निमूट चढतं. तळ आणि कड जिथे मिळतात तिथे पीठ जाड राहून आत कच्चं राहायची भीती असते. तो कोपरा अंगठ्याने गोल फिरत चेपून घेतला.

मधल्या वेळात विकतचे डबाबंद सोललेले टोमॅटो हाताने कुस्करून, मीठ घालून गाळणीत ठेवले होते. अर्ध्या तासात खाली वाटीभर पातळ पाणी जमलं. हा सॉस आधी शिजवायचा नाही, तो ओव्हनमध्येच शिजतो. गाळल्यावर त्यात लसूण, ओरेगॅनो आणि थोडं ऑलिव्ह तेल घातलं, बस. मशरूम मात्र कोरड्या पॅनमध्ये मोठ्या आचेवर, सुटलेलं पाणी आटेपर्यंत परतले. मोझरेला चीजही पाण्यातला ताजा गोळा नको, घट्ट लादी हवी.

रचना उलटी असते: तळाशी चीज, त्यावर मशरूम, सगळ्यात वर सॉस. चीज वर ठेवलं तर इतक्या वेळात करपेल. चीज किसण्याऐवजी कापे करून कौलांसारखे एकावर एक सरकवत लावले, म्हणजे सॉसचा ओलावा पिठापर्यंत सहजी पोचत नाही. २५० ग्रॅम लागलं. जास्त वाटतं, पण कमी करू नये. शिकागोत मशरूमऐवजी बहुधा कच्च्या सॉसेजचा थर पसरतात. तिथे १९४३ साली पिझ्झेरिया उनो हे रेस्टॉरंट सुरू झालं आणि हा प्रकार त्याच जागेशी जोडला गेला. तो नेमका कुणी शोधला यावरून मात्र वाद आहे.

सॉसवर किसलेलं पार्मेझान चीज भुरभुरून डबा २२० अंशांवर, सगळ्यात खालच्या खणात ठेवला. आधी तळाला उष्णता मिळायला हवी. काचेच्या भांड्यापेक्षा पातळ, गडद रंगाचा धातूचा डबा बरा. सुटा तळ असलेला डबा असेल तर खाली ट्रे ठेवाच, बटर गळतं. पंचविसाव्या मिनिटाला कड छान सोनेरी दिसली, पण वरच्या रंगावर भरवसा ठेवू नये. सुरीने कड अलगद उचलून पाहिलं तर तळ अजून फिकट होता. वर फॉइल टाकून आणखी दहा मिनिटं दिली. मग सुरीने टोचल्यावर तळ टणटणीत लागला.

बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नये. लगेच कापला की चीज आणि सॉस सगळं ताटात वाहून जातं. घरचे काटे-चमचे घेऊन भोवती उभे होते, तरी मी सुरी दिली नाही.

उरलेले तुकडे दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये नेऊ नका, तळ लिबलिबीत होतो. जाड बुडाच्या पॅनमध्ये मंद आचेवर, झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं गरम करा. झाकणाला आतून वाफ धरते, ती मध्येच एकदा पुसून टाका.